सात वार दुधात

दोंडाईच्याला मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमच्या शाळेत पाढे म्हणता यायचे नाहीत. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात नजर जाईल तिथवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या. दुपारचा वारा त्या अंगानं आला की पहिली शिंक बिगरीतली एखादी मुलगी द्यायची आणि बघता बघता ती साथ चौथीपर्यंत पोचायची. सत्ते सत्ते एकोणपन्नासपाशी वर्ग अडायचा. द्वारकाबाई नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या आणि शिंकांचा भर ओसरला की म्हणायच्या, "चला, एकोणपन्नास होते तिथंच आहेत. पुढं."

आमची मुलींची शाळा म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला बिगरी, दुसऱ्या टोकाला चौथी, बाकीच्या मधे, आणि या सगळ्यांना मिळून द्वारकाबाई एकट्या. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, किडकिडीत. कपाळ मोकळं, पांढऱ्या लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला. मूळच्या त्या जळगावकडच्या. अगदी लहान वयात नवरा गेला, थोरल्या भावानं हट्टानं शिकवलं आणि शिक्षकीण केलं. तो भाऊही आता राहिला नव्हता. बदल्या होत होत त्या आमच्या गावी आल्या आणि आमच्या घरातली रस्त्याकडची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. त्यामुळे माझ्या वाट्याला बाई दिवसभर होत्या. शाळेत त्या, आणि घरी आल्यावर भिंतीपलीकडे कुणी खोकलं तर त्याही त्याच.

घर आमचं एकामागे एक अशा तीन खोल्यांचं, वर पत्रा, मागे परसात शेवगा. नाना, म्हणजे माझे वडील, जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनावर कामाला होते. कापसाच्या दिवसांत त्या इंजिनाची धडधड भिंतीला कान न लावताही ऐकू यायची, आणि नाना घरी येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी पिंज बसलेली असे. माय त्यांना आत येण्याआधी ओट्यावर उभं करून फडक्यानं झाडायची. थंडीत ती कळण्याची भाकर करायची, ज्वारी आणि उडदाच्या एकत्र पिठाची, आणि वर तेल घातलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. भाकर थापण्याचा थप थप आवाज, पलीकडे सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची शिटी, आणि मधेच बाईंच्या खोलीतून एखाद्या जुन्या ओवीची गुणगुण. त्या घराची आठवण आली की मला आधी हे ऐकू येतं, मग भिंती दिसतात. माय शाळेत कधी गेली नव्हती. घरात आमची खान्देशी बोली, शाळेत पुस्तकातली भाषा. उंबरा ओलांडला की मी तोंडातली भाषा बदलत असे आणि त्याचं मला काही विशेष वाटत नसे.

पाढ्यांत मी वर्गात पहिली होते. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, काहीही विचारा. पण शब्दांतलं गणित आलं की माझं गाडं रुतायचं. गणितात आकडे दिसले की मी ते उचलायची आणि त्यांची बेरीज करायची. गोष्ट काय आहे, विचारलंय काय, याच्याशी मला कर्तव्य नसे. एकदा बाईंनी सांगितलं, एका घरी रोज सकाळी दोन शेर आणि संध्याकाळी दीड शेर दूध येतं. त्यातलं अर्धा शेर मुलांना देतात आणि उरलेल्याचं दही लावतात. तर एका आठवड्यात किती दुधाचं दही लागतं? मी सगळ्यांत आधी हात वर केला.

"अकरा शेर, बाई."

बाई म्हणाल्या, "अकरा कसे झाले गं?"

"दोन आणि दीड, साडेतीन. अर्धा घातला की चार. चार आणि सात अकरा."

"हे सात काय आहेत? शेर?"

"नाही बाई. वार. आठवड्याचे सात वार."

"म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे वार तू दुधात ओतलेस?"

सगळी चौथी हसली. कोपऱ्यात बसणारी गुलाबसुद्धा हसली, तोंडावर हात घेऊन. गुलाब ही आमच्या वर्गातली एकुलती एक मारवाडी मुलगी. तिच्या वडिलांचं पेठेत कापडाचं दुकान होतं. अक्षर तिचं इतकं सुंदर की पाटी पुसायला जिवावर यावं. पण ती वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल तर शपथ. घरी माझी फजिती मीच सांगितली. मायनं पिठाचा हात गालावर ठेवला. "सोमवार मंगळवार बठ्ठा दूधम्हा? मंग दही कसं लागी व माय!" आणि ती आणि नाना पोट धरधरून हसले. मला रडू आलं तेव्हा नानांनी मला जवळ घेतलं, तर त्यांच्या सदऱ्यातला कापूस माझ्या नाकात गेला आणि मी शिंकायला लागले.

त्याच संध्याकाळी बाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली. "यमे, गणिताचं पुस्तक घेऊन ये." मला वाटलं, शिक्षा. बाई खिडकीशी पाट टाकून बसल्या होत्या. "वाच," म्हणाल्या. मी उदाहरण वाचलं. "पुन्हा वाच, सावकाश." वाचलं. "आता पुस्तक मीट, आणि कुणाचं काय झालं ते मला सांग." मी म्हणाले, बाई, यात कुणाचं काही झालेलं नाही, हे गणित आहे. "कुणाचं काही झाल्याशिवाय गणित होत नाही," बाई म्हणाल्या. "कुणाच्या तरी घरी दूध आलं आहे. सांग." मग मी अडखळत सांगायला लागले. सांगता सांगता मला पहिल्यांदा ते घर दिसलं, दोन वेळचं दूध दिसलं, अर्धा शेर प्यायलेली पोरं दिसली आणि उरलेलं विरजणाच्या भांड्यात पडताना दिसलं. "आता विचारलंय काय?" आठवड्याचं. "ते कळायला त्याआधी काय कळायला हवं?" एका दिवसाचं. "त्याच्याआधी?" मुलांना देऊन किती उरतं ते. "त्याच्याही आधी?" दोन वेळचं मिळून किती येतं. "मग तिथून सुरू कर." साडेतीन, त्यातून अर्धा गेला तीन, सात दिवसांचे एकवीस. उत्तर आलं तेव्हा मी बाईंकडे असं पाहिलं की जणू त्यांनी ते माझ्या कानामागून काढून दाखवलं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी बाईंना गणितं वाचून दाखवायला लागले. दुसऱ्या दिवशी वर्गात जी घ्यायची ती आदल्या संध्याकाळी माझ्याकडून दोनदा, तीनदा ऐकून घ्यायच्या. हौद आणि तोट्या, मजूर आणि भिंती, दोन गावांहून निघालेले दोन वाटसरू. वर्गात बाईंच्या हातात पुस्तक नसे, सगळं तोंडपाठ. पाट्या तपासण्याची त्यांची रीतही वेगळी होती. पाटी हातात घेत नसत. "पाटी बोल," असं म्हणायच्या आणि मुलीनं उभं राहून काय केलं, का केलं, ते पहिल्यापासून सांगायचं. चुकलेली मुलगी बोलता बोलता स्वतःच थांबायची आणि जीभ चावायची. बाई म्हणायच्या, "सापडलं ना? बस, दुरुस्त कर." लाजणाऱ्या गुलाबला मात्र त्या नुसत्या उत्तरावर सोडायच्या. आज माझ्या पणतीच्या पुस्तकात पानापानावर रंगीत चित्रं असतात आणि कोणत्या आकड्याचं काय करायचं ते बाण काढून दाखवलेलं असतं. मी त्याला नावं ठेवत नाही. पण मी तिलाही पुस्तक मिटायला लावते, आणि तिची आई माझ्याकडे जरा काळजीनं बघते.

बाई आधी स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायच्या. एकदा त्यांचा उजवा हात तव्याला चांगलाच भाजला. मायनं कोरफड लावली, काही विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहून म्हणाली, "एक जीवसाठे येगळी चूल कसाले, बाई? मी दोन भाकरी जास्त थापसू." बाईंनी खूप आढेवेढे घेतले. मायनं ऐकलं नाही. त्यांचं ताट ती रोज एकाच पद्धतीनं वाढायची: भाकर डावीकडे, ठेचा वर, वाटी उजवीकडे, पाण्याचा तांब्या गुडघ्याशी. मी कधी ताट वाढायला गेले आणि वाटी इकडची तिकडे झाली तर माय ती मुकाट्यानं पुन्हा जागेवर सरकवायची. मला ते मायचं खूळ वाटायचं.

एका संध्याकाळी मी एक अवघड गणित एकटीनं सोडवलं आणि पाटी नाचवत बाईंकडे गेले. बाईंनी ती हातात घेतली, खिडकीकडे धरली, मान जराशी वाकडी करून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "छान. अक्षर सुधारतंय तुझं." देता घेता पाटी उलटली होती. बाईंच्या तोंडासमोर कोरी बाजू होती.

मी पाटी घेतली आणि परसात मायकडे गेले. ती शेवग्याच्या शेंगा मोडत होती. मी सांगितलं तशी तिनं मान वरसुद्धा केली नाही. "माले माहीत शे," ती म्हणाली. "कोनले सांगू नको." मग जरा वेळानं, "तू वाची दाखाड रोज. चांगलं वाची दाखाड."

धुळ्याच्या डॉक्टरांनी बाईंना सांगून टाकलं होतं की ही नजर परत यायची नाही, हळूहळू जातच राहील. हे बाईंनी मायला सांगितलं होतं आणि मायनं नानांखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. बाई बोलल्या असत्या तर नोकरी गेली असती. मग जळगावला भाच्याच्या घरी एका कोपऱ्यात जाऊन बसायचं. ज्या बाईनं सगळी हयात स्वतःच्या पायांवर काढली तिला ते मरणाहून अवघड. शिवाय दुसरी शिक्षकीण आमच्या गावाला इतक्या लवकर कुठली मिळायला? चौथीच्या आम्ही मुली परीक्षेला बसणार होतो आणि मग घरोघरी पुढचं ठरणार होतं. त्यामुळे मी जे काही करत होते ते मला फार मोठं काम वाटायचं. वाटेत दगड असला की मी आधीच म्हणायची, "बाई, बघा ना, कुणी दगड टाकलाय मेला." उंबरा आला की मोठ्यानं पाय आपटायची. बाईंना माझं कळलेलं माहीत होतं का? असावं. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि माझा हात मात्र कधी धरला नाही.

परीक्षेला थोडे महिने उरले तेव्हा मुलांच्या मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांनी आम्हा मुलींची एक सराव परीक्षा घेतली. पेपर त्यांनीच तपासले आणि एका दुपारी ते ओट्यावर येऊन बाईंना म्हणाले, "बाई, बाकीच्या मुली झकास आहेत. पण ती पेठेतली गुलाब, ती चौथीत आली कशी? तिला बसवू नका, नाव जाईल." आणि पेपरांचा गठ्ठा ठेवून गेले. बाईंनी मला बोलावलं. "गुलाबचा पेपर काढ आणि वाच. तिनं लिहिलंय तसंच वाच, सुधारून वाचू नकोस."

मी वाचला. केळीच्या मळ्याचं गणित होतं. मळ्यात बारा ओळी, प्रत्येक ओळीत पंधरा झाडं. वादळात अठरा पडली. उरलेल्या प्रत्येक झाडाला एक घड आला. एका गाडीत सत्तावीस घड मावतात, तर किती गाड्या लागतील? गुलाबनं मोत्यासारख्या अक्षरात बारा, पंधरा, अठरा आणि सत्तावीस एकाखाली एक मांडले होते, खाली रेघ मारली होती आणि लिहिलं होतं, "उत्तर : बहात्तर गाड्या." पुढच्या गणितात तसंच. त्याच्या पुढच्यातही. सगळ्या पेपरात एक वजाबाकी नव्हती, एक भागाकार नव्हता.

मला हसू आलं, कारण हे सगळं मी केलेलंच होतं. पण बाईंचं तोंड पाहून हसू जागीच राहिलं. "ती वर्गात बरोबर सांगते," बाई म्हणाल्या. "रोज बरोबर सांगते." मी म्हणाले, "बाई, ती शेजारणीचं ऐकून सांगते. हळू आवाजात. तिची पाटी निराळीच असते." "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?" मी मान हलवली, मग आठवलं की मान हलवलेली त्यांना दिसणार नाही, आणि म्हणाले, "हो बाई. पाटी दिसते ना." हे शब्द तोंडातून गेले आणि मला वाटलं की ते परत ओढून घ्यावेत.

त्या संध्याकाळी जेवताना बाई मायला म्हणाल्या, "सोनाबाई, उद्या मी हेडमास्तरांना सांगून टाकणार आहे. आणि आज गुलाबच्या घरी जाते."

मायच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली. "काय सांगशात? डोयानं? कसाले? कोनी इचारं का तुमले?"

"कुणी नाही विचारलं."

"मंग? बठ्ठ्या पोरी शिकी ऱ्हायन्यात. एक पोर नही शिकनी त काय व्हयनं? तिना बापनं दुकान शे, तिले काय कमी शे? तुमले काढी टाकतीन, बाई. मंग कोठे जाशात?"

भाकर करपल्याचा वास आला. बाई शांतपणे म्हणाल्या, "ज्या मुली बोलतात त्यांना मी शिकवू शकते, सोनाबाई. जी बोलत नाही तिला शिकवायला डोळे लागतात. वर्षभर ती माझ्यासमोर बसली आणि मी तिला शाबास म्हणत राहिले." माय चिडली की तिला बोलणं सुचत नसे, ती भांडी आपटायला लागली. शेवटी नाना, जे बायकांच्या बोलण्यात कधी पडत नसत, ते हळूच म्हणाले, "बाईले करू दे तिना मनसारखं." मायनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, धूर व्हयना. चुलीत त्या वेळी धूर नव्हता.

पेठेत जाताना बाईंनी पहिल्यांदा माझा हात धरला. दिवेलागण व्हायची होती, लोक दुकानांच्या पायऱ्यांवर बसले होते, आणि त्या सगळ्यांच्या देखत त्यांनी उजवा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "धर." त्यांचा हात मोठा, कोरडा आणि गरम होता. गुलाबचं घर दुकानाच्या मागे होतं. चौकात खाटांवर पापड वाळत होते आणि तुपाचा, हिंगाचा वास भरलेला होता. गुलाबची आजी झोपाळ्यावर होती. "आवो बाईजी, बैठो," म्हणून तिनं गादी सरकवली. तिला हेडमास्तरांकडून पेपराचं कळलेलं होतं. "छोरी बोले कोनी," म्हणजे पोरगी बोलतच नाही, असं ती कपाळावर हात मारून म्हणाली. "शादी कर पराये घर जासी, हिसाब को काई काम? घर बैठसी अब." म्हणजे गुलाबची शाळा बंद. गुलाब दाराआड उभी होती. मला तिची फक्त बोटं दिसत होती, चौकटीवर.

बाई म्हणाल्या, "माजी, चूक तुमच्या मुलीची नाही. माझी आहे. मला दिसत नाही. तिची पाटी मी कधी पाहिलीच नाही." आजीनं झोपाळा पायानं थांबवला. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, मग उठून जवळ आली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. आणि काय आश्चर्य, ती रडायलाच लागली. तिची स्वतःची आई आंधळी होऊन वारली होती, हे पुढे कळलं. दाराआडून गुलाब बाहेर आली. बाईंनी विचारलं, "गुलाब, तू बोलत का नाहीस गं?" तर ती एवढ्याशा आवाजात म्हणाली, "माझा मराठी चुकते. सब हसते." मग आणखी हळू, "उरलेले म्हणजे काय, बाई? प्रत्येकी म्हणजे काय?"

एवढंच होतं. ज्या दोन शब्दांवर सगळं गणित उभं असतं ते दोन शब्द तिच्या घरात कुणी वापरत नव्हतं, आणि ते विचारण्याची तिला लाज वाटत होती. मला आठवलं की 'प्रत्येकी' हा शब्द मलाही मायनं नाही, बाईंनीच शिकवला होता; फक्त माझ्या घरच्या बोलीपासून तिथवरची वाट जवळची होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हेडमास्तरांना सांगितलं. ते भले गृहस्थ होते. त्यांनी वर कळवलं ते चांगल्या शब्दांत कळवलं. तरी होळीच्या आधी नवीन शिक्षकीण आली आणि बाईंची शाळा सुटली. जळगावचा भाचा न्यायला येणार होता, पण बाईंनी त्याला परीक्षेनंतर ये म्हणून कळवलं. मायनं भाडं घ्यायचं नाकारलं, बाईंनी ते पिठाच्या डब्यात ठेवलं, मायनं पुन्हा त्यांच्या उशीखाली ठेवलं, असं त्या दोघींचं चालू राहिलं.

आणि रोज संध्याकाळी गुलाब आमच्या घरी यायला लागली. बोलायला ती अजून तयार नव्हती. तेव्हा बाईंनी मायकडून मूठभर चिंचोके मागून घेतले. "बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "मांडून दाखव. मळ्यात तीन ओळी आहेत, दर ओळीत चार झाडं." गुलाब जमिनीवर चिंचोके मांडायची आणि बाई त्यांवरून बोटं फिरवायच्या. "बरोबर. आता वादळ आलं, दोन पडली." गुलाबनं दोन बाजूला केले. "जे उभे आहेत ते उरलेले. म्हण, उरलेले." "उरलेले." "एका गाडीत पाच मावतात. गाड्या भर." तिनं पाच पाचांच्या दोन ढिगल्या केल्या आणि एकदम वर पाहिलं. माय चुलीपुढून वाकून बघत होती; तीच ओरडली, "दोन गाड्या!" आणि जीभ चावून गप्प बसली. मग तीच गोष्ट मायनं आमच्या बोलीत सांगितली, गुलाबनं मारवाडीत सांगितली, आणि मी ती पुस्तकातल्या मराठीत वाचून दाखवली. तीन भाषांत गाड्या दोनच निघाल्या, याचं गुलाबला इतकं नवल वाटलं की ती घरी जाईपर्यंत पुटपुटत होती. हळूहळू चिंचोके कमी लागले आणि बोलणं वाढलं. बोलताना ती चुकायची, पाण्याला 'आला' आणि गड्याला 'आली' म्हणायची. बाई भाषा सुधारत नसत. "गणित पुढं ने," एवढंच म्हणायच्या.

पुढचं थोडक्यात सांगते. आम्ही दोघीही पास झालो. मी सातवी करून पुढे शिक्षकीण झाले आणि धुळे जिल्ह्याच्या कितीतरी गावांत मुलींना पुस्तक मिटायला लावलं. गुलाब लग्न होऊन बोदवडला गेली. एकदा गाडी थांबली असताना स्टेशनवर भेटली, कडेवर मूल होतं आणि गाडी सुटेपर्यंत ती एकटीच बोलत होती. बाई जळगावला गेल्या. भाच्याची बायको चांगली निघाली. मी भेटायला जायची तेव्हा दारापाशी शेजारची पोरं पाट्या घेऊन बसलेली असायची आणि आतून आवाज यायचा, "पाटी बोल." त्या घराच्या ओट्यावर मी किती वेळा बसले असेन, पण बाईंची आठवण काढायला बसले की मला जळगाव दिसत नाही. मला परीक्षेचा दिवस दिसतो.

परीक्षा मोठ्या शाळेत होती. माय बाईंना हाताला धरून घेऊन आली होती आणि दोघी आवारातल्या कडुनिंबाखाली फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन बसल्या होत्या. पेपर सुटला, मी ऐटीत बाहेर आले. पेपर सोपा गेला होता. माझ्या मागून गुलाब आली ती चालत नाही, धावत. आवारात मुलांची गर्दी होती. ती तशीच बाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि कुणी विचारायच्या आधी मोठ्यानं बोलायला लागली.

"बाई, एक हौद होता. दोनशे घागर पाणी मावते त्यात. पहलेच चाळीस घागर पाणी होता. दोन गडी आला. एक गडी तासाला पंधरा घागर ओतला, दुसरा दहा ओतला. पण खाली भोक होता, बाई! तासाला पाच घागर वाहून गेला!"

"पाणी होता! दोन गडी आला!" मुलं फिदीफिदी हसायला लागली. एकानं तिची नक्कल केली. मायनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मागे सरला. गुलाबनं तिकडे लक्षच दिलं नाही. "तो पंधरा आणि दहा पंचवीस, भोकाचे पाच गेले, वीस उरलेले. तासाला वीस. आणि हौदात जागा किती? दोनशेमधून चाळीस गेला, एकशे चाळीस. त्याला वीसनं भागला. सात तास!"

बाई पुढे वाकून एकेक शब्द ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "दोनशेतून चाळीस गेले, तेवढं परत सांग."

"एकशे..." गुलाब थांबली. तिचे ओठ हलले. मग तिनं कपाळावर हात मारला. "साठ! हे राम! एकशे साठ! आठ तास, बाई, आठ!" मला वाटलं आता ही रडणार. पेपर आत गेला होता, त्यावर सात लिहिलेलं होतं. पण ती हसत होती. "मी सात लिहून आली," ती म्हणाली, "पण बाई, भोक मी विसरली नाही."

"नाही विसरलीस," बाई म्हणाल्या, आणि चाचपडत तिचा चेहरा शोधून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

मी मात्र जागच्या जागी गार झाले होते. चाळीस घागरी मी धरल्या होत्या, दोन्ही गडी धरले होते, भागाकार अपूर्णांकापर्यंत नेला होता. बाईंनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. "यमे, तुझे किती तास आले?"

"सहा," मी म्हणाले, "आणि वर दोन पंचमांश."

बाईंनी काही म्हणायच्या आधी, सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात, गुलाब ओरडली, "भोक! यमू, तुझा भोक राहिला!"